टिकल्यांचा कीबोर्ड

समोरच्या फ्लॅटमधल्या निंबाळकर बाई डोळ्यांना टॉवेल बांधून माझ्या स्वयंपाकघरात मोहरी शोधायच्या.

"अहो, तुमच्या घरात नाही का मोहरी?"

"माझे डबे मला पाठ आहेत. त्यात कसली परीक्षा?"

धायरीत तेव्हा आयटीवाल्यांच्या इमारती उठत होत्या. बाई मात्र प्राथमिक शाळेत, निवृत्तीला आलेल्या, कम्प्युटरच्या खोलीत चप्पल काढून हात जोडून शिरणाऱ्या. त्यांच्या वर्गात वैशाली आली. तिला दिसत नव्हतं. शाळेला बोलका कम्प्युटर मिळाला, बटण दाबलं की अक्षर मोठ्यानं सांगणारा. बाईंचं तीन दिवस प्रशिक्षण झालं. आता शिक्षण खात्याचे साहेब येऊन बघणार होते, डोळे बांधून बाईंना तो चालवता येतो का. नाही आला तर कम्प्युटर दुसऱ्या शाळेला आणि वैशाली लांबच्या वसतिगृहात.

"सात वर्षांची आहे हो पोरगी," बाई दिवसातून चारदा म्हणायच्या. "लिहून घ्या, मी नापास होणार." भाजीवाल्यालासुद्धा त्या हेच सांगायच्या.

मी म्हटलं, "घेते लिहून. आधी माझ्या हळदीतून हात काढा."

वैशालीच्या बोटांना बटणं सापडेनात, म्हणून बाईंनी कीबोर्डवर टिकल्या चिकटवल्या. पाकिटं माझ्या सुनेची, न विचारता नेलेली.

परीक्षेला मला ओढत नेलं. एकटीला भीती वाटते म्हणाल्या. साहेबांनी कीबोर्ड पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सरकारी सामानाला टिकल्या? काढा आधी."

मुख्याध्यापक लगेच नखानं खरवडायला लागले. अर्ध्या टिकल्या निघाल्या. बाईंनी टॉवेल साहेबांपुढे धरला.

"साहेब, आपणच बसा. डोळे बांधून आपलं नाव लिहा."

साहेब नाइलाजानं बसले. पहिलंच बटण चुकलं. यंत्र भलतंच अक्षर ओरडलं, दुसऱ्यांदाही तसंच. पोरं खिदळली. मग बाईंनी त्यांचं बोट धरून उरलेल्या टिकलीवर ठेवलं आणि तिथून मोजत पुढचं बटण दाखवलं. नाव पूर्ण झालं. साहेबांनी टॉवेल सोडला, घाम पुसला, "शिकवता येतं तुम्हाला," म्हणाले आणि कागदावर सही केली. वैशाली राहिली.

रिक्षात बाई टॉवेलाची घडी घालत-मोडत बसल्या. मी म्हटलं, "झालात ना पास? मग तोंड का असं?"

"नोकरीच्या पहिल्या वर्षी वैशालीसारखीच एक मुलगी आली होती. मी म्हटलं, आमच्याकडे जमणार नाही. तिची आई भांडलीसुद्धा नाही. 'बरं बाई' म्हणाली आणि घेऊन गेली."

"नाव काय तिचं?"

बाईंनी बाहेर पाहिलं.

"विचारलंच नव्हतं हो."