आईच्या चालीनं लोवेल

शेलारकाकांनी मला पहिल्यांदा आई व्हायला सांगितलं, तेव्हा मला अमेरिकेत येऊन जेमतेम सात आठवडे झाले होते.

मी हो म्हणालो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुसदला वडील बाजार समितीत तोलाईचं काम करतात, आई घर बघते. कुठं काय विचारायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे शिकवणारं घरात कुणी नव्हतं. त्यामुळे मोठ्या माणसानं काही सांगितलं की आधी हो म्हणायचं आणि अर्थ नंतर शोधायचा, अशी माझी रीत पडून गेली. पुण्यात इंजिनिअरिंगला ती चालून गेली होती. मॅसॅच्युसेट्समध्येही चालेल असं मला वाटलं.

काकांची ओळख श्रूजबरी नावाच्या गावातल्या गणपतीत झाली. एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. स्पीकरवर ढोल-ताशा इतका मोठा लावला होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पन्नाशीकडे झुकलेला, कुडता इस्त्रीचा पण पायात स्पोर्ट्स शूज, असा एक गृहस्थ ताट घेऊन माझ्यासमोर आला आणि बोलू लागला. ओठ हलत होते, भुवया हलत होत्या, आवाज मात्र अजिबात नव्हता. मी ढोलाला दोष दिला. मग ढोल थांबले. गृहस्थ बोलतच होते, आणि आवाज तरीही नव्हता.

"अहो, आवाज लावा," बाजूनं जाताना एक बाई म्हणाल्या. त्या शेलारकाकू.

"सॉरी," काका म्हणाले, आणि त्यांना आवाज आला. "तू लोवेलला राहतोस ना? तिथं कालव्याच्या कडेला बाकं किती आहेत?"

मला ठाऊक नव्हतं.

"राहतोस तिथं आणि बाकं मोजली नाहीस?" त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं की मला खरोखर अपराधी वाटलं.

लोवेलला माझं विद्यापीठ. गाव जुन्या कापडगिरण्यांचं. नदीचं पाणी कालव्यांनी गावभर फिरवून त्यावर माग चालवत असत. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, कालवे राहिले. लाल विटांच्या पाचमजली भिंती अजून त्या पाण्यात उतरून उभ्या असतात. उन्हाळ्यात पर्यटकांसाठी त्यातून बोट जाते, आणि एका गिरणीचं संग्रहालय केलंय, तिथं तळमजल्यावर जुने माग रोज थोडा वेळ चालवून दाखवतात. मी वर्गात जाता-येता हे सगळं बघत होतो, पण माझं लक्ष असायचं ते असाइनमेंटकडे.

काकांची आई मुंबईत लालबागला राहत होती. एका गिरणीच्या वाइंडिंग खात्यात तिनं सव्वीस वर्षं सूत गुंडाळून कांड्या भरल्या. पुढच्या उन्हाळ्यात ती अमेरिकेत येणार होती, आणि तिला एक दिवस लोवेल दाखवायचं असं काकांनी ठरवलं होतं. नायगारा नाही, न्यूयॉर्क नाही. एक दिवस, लोवेल. त्या एका दिवसाची तयारी तीन वर्षं चालू होती.

काका एका विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत. टेस्ट केल्याशिवाय काहीही प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापराला, न्यायचं नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते दुधाच्या तारखेपासून मुलीच्या सायकलपर्यंत सगळीकडे लागू असे. दुसरा आवडता शब्द बफर. विमानतळावर निघताना दोन तास बफर, चहा उकळताना अर्धा कप बफर. आणि तालमीत मी दमलो की म्हणत, "आई एंड यूझर आहे, आशिष. तिला बग सापडता कामा नये."

काकूंचं मत वेगळं होतं. "माझी आई आली होती तेव्हा ह्यांनी तिला तीन महिन्यांत मॉल दाखवला," त्या मला पहिल्याच जेवणाला म्हणाल्या. "एक मॉल. त्याची टेस्ट नाही केली." बारा वर्षांची ऋचा कानातले इअरफोन न काढता म्हणाली, "बाबा, आजी इज नॉट अ सॉफ्टवेअर." काकांनी दोघींना ओठांनी काहीतरी उत्तर दिलं. ते मला कळलं नाही, पण काकूंना कळलं असावं, कारण त्यांनी काकांच्या ताटातली पुरणपोळी उचलून माझ्या ताटात घातली.

तो ओठांचा प्रकार मला नंतर समजला. गिरणीत यंत्रांच्या आवाजात बायका आवाजानं बोलतच नसत, नुसत्या ओठांनी बोलत. काकांच्या आईला ती सवय घरीही राहिली. काका सांगत की घरात पाच माणसं आणि दिवसभर मुकी बडबड. वर शेजारणी विचारायच्या, तुमचं भांडण झालंय का. काका तसेच वाढले. रागात, आनंदात, गर्दीत, विचारात असले की त्यांचा आवाज बंद होई आणि ओठ चालू राहत. ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलवर त्यांना रोज कुणीतरी सांगे की तुम्ही म्यूटवर आहात. ते खाली बघत. फोन म्यूटवर नसे.

तर पहिली तालीम सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी झाली. काकांनी चार पानी प्रिंटआउट आणला होता. दर दोन बाकांमधलं अंतर मी मोजायचं होतं, आणि तेही आईच्या पावलांत. गेल्या भारतवारीत काका आईच्या मागं मागं चाळीच्या गॅलरीतून चालले होते आणि खोलीपासून जिन्यापर्यंत तिची त्रेसष्ट पावलं होतात असं त्यांनी लिहून आणलं होतं. आईनं शेवटी वळून विचारलं होतं, "काय रे, मला पोलिसांत द्यायचंय का?"

"तू आई," काका म्हणाले. "वय सत्तर. उजवा गुडघा दुखतो. थोडा दम लागतो. हळू चाल."

मी हळू चाललो.

"एवढी हळू नाही. ती आजारी नाही, ती आई आहे."

आता काकांची आई कशी चालते हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मी माझी आई आठवली. ती पिशवी नेहमी डाव्या हातात धरते. रस्त्यात मेथी दिसली की थांबते, घ्यायची नसली तरी जुडी उलटी करून बघते. कुणाचं लहान मूल दिसलं की थांबते. देऊळ दिसलं की चालता चालताच चप्पल अर्धी काढते. मी तसा चालू लागलो. कालव्यावरच्या पुलाच्या कठड्यापाशी थांबलो. पाण्यात गिरणीची भिंत उलटी उभी होती, खिडक्यांमधून ढग जात होते. मेपलचं एक पिवळं पान एका खिडकीतून शिरलं आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडलं. इतके दिवस मी ह्याच पुलावरून धावत होतो.

"का थांबलास?"

"आई थांबते," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदावर लिहिलं: विनाकारण थांबे, एकूण बारा मिनिटं.

पुढं पायऱ्या होत्या. काकांनी माझा दंड धरला आणि "सावकाश, आई, पायरी आहे," असं म्हणत मला उतरवू लागले. एक म्हातारी अमेरिकन बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. तिला वाटलं मी आजारी आहे. व्हीलचेअर आणवू का, असं तिनं विचारलं, आणि मग हळूच काकांना विचारलं की हा तुमचा मुलगा का. काका कधी खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "नो. टुडे ही इज माय मदर." बाईनं कुत्र्याला जवळ ओढून घेतलं.

त्या रात्री मी पुसदला फोन केला आणि आईला विचारलं, तुझे गुडघे कसे आहेत. कॉलिंग कार्डावर एवढ्या लांबून असं काही मी कधीच विचारलं नव्हतं. आई म्हणाली, "तुला तिथं काय झालंय, खरं सांग."

बर्फ पडायच्या आधी आम्ही चार तालमी केल्या आणि मे महिन्यात आणखी तीन. बोटीत चढताना पायरी किती उंच, बोटीत सावली कुठल्या बाजूला, स्वच्छतागृह कुठं. दशम्या आणि लसणाची चटणी कुठल्या बाकावर उघडली तर वास कुणाला लागणार नाही. काका चालता चालता विचारात पडले की ओठांनी बोलू लागत, आणि मी आई असल्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागे. आधी मी नुसती मान हलवायचो. मे संपेपर्यंत मला त्यांचं निम्मं कळू लागलं होतं. आवाज नसला की माणूस फार जवळचं बोलतो, असं मला तेव्हा वाटायचं. कदाचित मी चुकत असेन.

मागांच्या खोलीत मात्र आम्ही एकदाही गेलो नाही. ती जागा काकांनी आईसाठी राखून ठेवली होती. कागदावर तिथं एवढंच होतं: मागखातं, नऊ मिनिटं. एकदा मी विचारलं, ती टेस्ट नाही करायची का? काका म्हणाले, "तिथं काय टेस्ट करायचं? तिथलं तिलाच जास्त कळतं." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तिनं मला तिचं खातं कधी दाखवलं नाही. मुलांना आत सोडत नसत. मी गेटवर डबा द्यायचो. आत नुसता खडखडाट, आणि ती बाहेर आली की तिच्या केसांत कापूस. लहानपणी मला वाटायचं, आत पाऊस पडतो कापसाचा."

जूनमध्ये काकूंचा फोन आला. काकांनी करायला हवा होता, पण आला काकूंचा. डॉक्टरांनी आईंना विमानाला नाही म्हटलं होतं. छाती आता एवढा प्रवास सोसणार नाही. ह्या वर्षी नाही, आणि पुढच्या वर्षीही नाही. इतक्या वर्षांचा कापूस, काकू म्हणाल्या, तो जातो कुठं? आणि मग त्यांच्या नेहमीच्या खट्याळ आवाजात नाही, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "शनिवारी ते येतायत तिकडे. तू मोकळा आहेस ना रे?"

मी हो म्हणालो.

काका वेळेवर आले. खांद्यावर डब्याची पिशवी, हातात तोच प्रिंटआउट. नवा काढला नव्हता. मी पिशवी त्यांच्याकडून घेतली, डाव्या हातात धरली आणि आईच्या चालीनं चालू लागलो. ते एक पाऊल मागं. पुलावर मी थांबलो, ते थांबले. बोटीत आम्ही सावलीच्या बाजूला बसलो. पाणी हिरवं होतं आणि इतकं सावकाश जात होतं की भिंतीच मागं सरकतायत असं वाटत होतं. गाईड मुलगी सांगत होती की इथं खेड्यापाड्यातून मुली कामाला येत, पहाटे घंटा वाजे, सहा-सहा जणी एका खोलीत राहत. काका ऐकत होते. एरवी त्यांनी तिला पाच प्रश्न विचारले असते.

संग्रहालयाच्या दाराशी काकांनी मोबाइल काढला आणि कार्डावरचा लांबलचक नंबर दाबला. लालबागला रात्रीचे आठ वाजून गेले होते.

"आई, फोन ठेवू नकोस," ते म्हणाले. "काही बोलू नकोस. नुसतं ऐक."

आत जाताना कानात घालायला फोमचे बोळे देतात. मी घेतले. काकांनी घेतले नाहीत.

दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. तो ऐकू येण्याआधी पायांना कळतो. फरशी थरथरत होती. लांबच लांब खोली, खिडक्यांतून उन्हाचे पट्टे, वर छताला फिरणारे पट्टे, आणि दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा. त्यातले सहा-सात चालू होते, बाकीचे शांत. धागा नेणारे धोटे दिसतसुद्धा नव्हते, इतके जोरात जात-येत होते. उन्हात बारीक तंतू तरंगत होते. काका मधल्या वाटेत उभे राहिले आणि त्यांनी मोबाइल डोक्याच्या वर धरला. लोक त्यांच्या बाजूनं जात राहिले. त्यांचा हात अवघडला असेल, तरी खाली आला नाही.

मग त्यांनी तो तोंडापाशी आणला आणि बोलू लागले.

त्यांच्या मानेच्या शिरा हलत नव्हत्या. छाती हलत नव्हती. नुसते ओठ. त्या आवाजात आईशी जसं बोलायचं तसं ते बोलत होते, आणि हे फोनमधून जाणार नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी पुढं होऊन सांगणार होतो. आवाज लावा काका, असं म्हणणार होतो. पण ते माझ्याकडे बघत बोलत होते, आणि मला सगळं कळत होतं.

आई, हे बघ. हे असं होतं ना? मला आज दिसलं.

आणि मग: दमलीस का? बस जरा. तिथं बाक आहे.

भिंतीशी खरंच एक लाकडी बाक होतं. आमच्या कागदावर ते नव्हतं. मी पिशवी डाव्या हातात सांभाळत, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून, हळूच त्या बाकावर बसलो. ओठांनी म्हणालो, बसले रे.

नऊ मिनिटं ठरली होती. काकांनी घड्याळ बघितलं नाही.