वेवजीच्या दोन बाटल्या

नलूताईंसमोर एकदा बसलेला माणूस दोन तास उठू शकत नाही. भल्याभल्यांनी प्रयत्न करून पाहिला आहे. एक निवृत्त फौजदार "जरा फोन करून येतो" म्हणून उठायला लागले, तर ताईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. फौजदारांनी बसल्या जागेवरूनच फोन केला.

याचं कारण ग्लुकोजचं पाणी. आमच्याकडे एका संशोधनाचं काम चालतं. ज्यांना मधुमेह अजून झालेला नाही, पण साखर वाढीला लागली आहे, त्यांचा आजार आधीच थोपवता येईल का, हे त्यात पाहतात. सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, मग ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. मधल्या वेळात चहा नाही, विडी नाही आणि हिंडणं तर नाहीच. "आता चालायचं काम साखरेचं, तुमचं बसायचं," हे ताईंचं ठरलेलं वाक्य. मी डहाणू रोडच्या ऑफिसात त्यांनी आणलेले फॉर्म संगणकावर चढवतो. म्हणजे दिवसभर मीही बसलेलाच असतो, पण माझ्या बसण्याला त्या काडीची किंमत देत नाहीत.

सरकारी नर्स म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेली ही बाई. कोणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरतात आणि साखरेचा डबा हलवून बघतात. आमच्या यादीत चिकूचे एक बागायतदार आहेत. सकाळी व्यापाऱ्याला ते सांगतात, "शेठ, साकर छे, साकर." ताई दारात दिसल्या की तेच म्हणतात, "यंदा चिकूला गोडीच नाही हो ताई." यावर ताई शांतपणे विचारतात, "मग खाता कशाला?"

त्यांची खरी हौस समजावून सांगण्याची. या संशोधनात प्रत्येकाला नंबर घातलेली गोळ्यांची बाटली मिळते. काहींच्या बाटलीत खरं औषध असतं, काहींच्या बाटलीत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळालं, हे संशोधन संपेपर्यंत कोणालाच कळत नाही. "मलाही ठाऊक नाही," ताई सांगतात, "आणि नाही तेच बरं. ठाऊक असतं तर मी लबाडी केली असती." हे सगळं त्या मराठीत, गुजरातीत आणि जमेल तेवढ्या वारलीत सांगतात. मग समोरच्याला तेच परत सांगायला लावतात. तो अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. त्याशिवाय सहीचा कागद पिशवीतून बाहेर येत नाही.

वेवजी गावच्या बारकू आणि जमनी या नवराबायकोने मात्र पहिल्याच खेपेला सगळं घडाघडा म्हणून दाखवलं होतं. दोघांची साखर वाढीला लागलेली, दोघं यादीत, दोघांच्या बाटल्या वेगळ्या. दर तपासणीला उरलेल्या गोळ्या मोजल्या की या दोघांच्या अगदी बरोबर भरायच्या. ताई गावोगाव त्यांचं उदाहरण द्यायच्या.

एकदा सकाळच्या पहिल्या जीपने ताई न कळवता वेवजीला गेल्या. पाहतात तर बारकू आपल्या बाटलीतली गोळी जमनीला देतोय आणि जमनीच्या बाटलीतली स्वतः घेतोय.

"अरे, ही तुझी बाटली ना?" ताईंनी विचारलं.

"आज तिची," बारकू म्हणाला. "एक दिस माजी मी खातो, एक दिस तिला देतो. तूच सांगली ना ताय, एकात खरी आसंल, एकात खोटी. मंग तिला नुसती खोटीच आली तर?"

जमनी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "मी बी तेच बोलली. याला खोटी आली तर?"

पहिल्या दिवसापासून असंच चाललं होतं.

ताई दुपारी ऑफिसात आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानेच. हे लिहून कळवलं तर दोघांची नावं कापली जातील, तपासण्या बंद होतील, ही त्यांना धास्ती. या दोघांच्या घरी पुन्हा दवाखाना कोण नेणार? मी हळूच म्हटलं, "ताई, नका लिहू. मोजणी बरोबर आहे. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या. "उद्या याच आकड्यांवरून डॉक्टर कोणाला तरी औषध देणार. ते आकडे मी खोटे ठेवू?"

चूक कळवायच्या फॉर्मवर कारणाचा एक रकाना असतो. तिथे बहुतेक सगळे 'सूचना समजली नाही' असं लिहून मोकळे होतात. मीही तेच टाइप करायला घेतलं. ताईंनी मला थांबवलं, कागद ओढून घेतला आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'सूचना पूर्ण समजली होती.'

मुंबईच्या मुख्य ऑफिसातून उत्तर यायला आठवडा लागला. तेवढ्या दिवसांत ताईंनी मला तीनदा मेल उघडून बघायला लावली. शेवटी उत्तर आलं. दोघांच्या गोळ्या बंद करायच्या, झालेल्या प्रकाराची नोंद ठेवायची, तपासण्या मात्र शेवटपर्यंत चालू ठेवायच्या. ताईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि खुर्चीत टेकल्या. इतक्या वर्षांत त्यांना कामाशिवाय बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सुधीर," त्या म्हणाल्या, "माझी बीपीची गोळी असते रोज. कधीकधी घेतली की नाही तेच आठवत नाही. विचारणारं घरात कोणी नाही ना."

एवढं बोलून त्या उठल्या आणि पिशवीत नवे फॉर्म भरायला लागल्या. मला स्वतःची फार लाज वाटली. सगळ्या तालुक्याच्या गोळ्या मोजणाऱ्या या बाईला मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दाराशी पोचल्या तेव्हा कसंबसं विचारलं, "ताई, आजची घेतली का?"

त्या थांबल्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "नाही रे," आणि पाणी प्यायला परत आत आल्या.