रुळण्याचा तास शिकविण्यास खुपेरकर मास्तर सिद्ध जाहले त्याची हकीकत

श्री. ज्यांनी घर सोडिले त्यांचे कल्याण असो, आणि जे मागे राहून वाटेकडे पाहात बसले त्यांसही धीर असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण मास, ते समयी डोंगरउतारावरील एका विद्याराज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. त्या राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तीन मजली इमारत, पुढे निलगिरीची झाडे, मागे वसतिगृह, आणि गादीवर प्राचार्य श्रीपतराव इंगवले विराजमान, इतके ध्यानी धरिले म्हणजे पुरे.

त्या राज्यात दर साली वाड्यावस्त्यांवरून नवी मुले-मुली पहिल्या वर्षास दाखल होत, कोणी पत्र्याची पेटी घेऊन, कोणी गोधडीची वळकटी घेऊन, आणि दिवाळीस म्हणून घरी गेली की त्यांतील कित्येक माघारी येत नसत. कोणी नापास जाहले नव्हते, कोणास कोणी रागे भरले नव्हते. कारण पुसता "करमत नव्हतं" इतकेच उत्तर येई. गतवर्षी प्राचार्य स्वतः जीपमध्ये बसून एका मुलीच्या गावी तिला परत आणावयास गेले, आणि ती चुलीपुढे भाकऱ्या थापीत होती ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तिथं मला चार महिन्यांत कुणी नावानं हाक नाही मारली. हजेरीत नंबर होता फक्त." प्राचार्यांनी चहा घेतला, आणि परतले, आणि त्या दिवशी त्यांस अन्न गोड लागले नाही. मग त्यांनी शिक्षकखोलीत दरबार भरवून हुकूम केला की यंदापासून नव्या मुलांस आठवड्यास एक तास ऐसा द्यावा, ज्यास परीक्षा नाही आणि पाठ्यपुस्तक नाही. त्यात मुलांनी येथे कैसे राहावे, ग्रंथालयात पुस्तक कैसे मागावे, गुरुजनांस अडचण कैसी सांगावी आणि घरची सय आली असता काय करावे, हे शिकवावे. कागदोपत्री त्याचे नाव 'प्रथम वर्ष संक्रमण चर्चासत्र' ऐसे पडले, परंतु ते कोणाच्या तोंडी बसेना, म्हणून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्व 'रुळण्याचा तास' म्हणो लागले.

तेव्हा अर्थशास्त्राचे गणपुले उठोन म्हणाले, "सर, रुळायला काय शिकवायचं असतं? आम्ही काय शिकवणी लावून रुळलो?" प्राचार्य म्हणाले, "गणपुले, तुम्ही रुळलात म्हणून इथं बसलात. जे नाही रुळले ते सांगायला इथं नाहीत." मग गणपुले खाली बसले. आणि प्राचार्यांनी शिक्षकांस सिद्ध करावयास दूरच्या शहरातून कुमुदिनीबाई रांगणेकर यांस पाचारण केले. बाईंनी पुष्कळ राज्यांत ऐसे शिक्षक तयार केले होते. एसटीतून उतरल्या तो खांद्यास एक झोळी, पायी कोल्हापुरी चपला, आणि पहिला हुकूम हाच केला की बाके भिंतीस लावा आणि खुर्च्या गोल मांडा.

त्या गोलात भूगोलाचे दिगंबरराव खुपेरकर होते, आणि ही हकीकत त्यांचीच. मोठे अभ्यासू गृहस्थ. कोणती नदी कोठे उगम पावते ते नकाशावाचून सांगत, आणि कोणी काही अडचण सांगितली की ती पुरी होण्याआधी उपाय सांगत. त्यांस एकच कन्या, शर्वाणी नामे. ती त्याच सालच्या आषाढात उत्तरेकडील राजधानीस वास्तुरचनेची विद्या शिकावयास गेली होती. तेव्हापासून घर मोठे वाटो लागले. खुपेरकर दर रविवारी व्हरांड्यातील तिच्या सायकलीत हवा भरीत, बसणारे कोणी नसताही भरीत. आणि वासंतीबाई, त्यांचे कुटुंब, मंडईतून गवार आणीत आणि घरी आल्यावर त्यांस आठवे की ती भाजी आवडीने खाणारी येथे नाही. रोज तिन्हीसांजेस खुपेरकर फोन करीत. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." "बरी आहेस ना?" "बरं चाललंय, बाबा." मग खुपेरकर पहाटे उठण्याचे आणि कोमट पाणी पिण्याचे फायदे सांगत, आणि फोन ठेवीत, आणि वासंतीबाई विचारीत, "काय म्हणाली?" आणि हे म्हणत, "बरं चाललंय म्हणाली," आणि दोघांसही ते खरे वाटत नसे.

असो. कुमुदिनीबाईंनी पहिल्या दिवशी एकास नवा विद्यार्थी केले आणि दुसऱ्यास शिक्षक, आणि सांगितले की विद्यार्थ्याने इतकेच म्हणावे, "सर, मला घरी जायचंय." मग काय पुसता! गणपुल्यांनी बेकारीचे आकडे सांगितले. खुपेरकरांनी तर समोरचा तोंड उघडतो तोच वेळापत्रक करण्यापासून योगासनांपर्यंत सर्व सांगून टाकिले. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "सर, त्याचं बोलणं कधी संपलं आणि तुमचं कधी सुरू झालं, ते कळलंच नाही मला." तेव्हा सर्व हसले, आणि खुपेरकरही हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खुपेरकरांस विद्यार्थी केले आणि गणिताच्या नजमाबाई मुजावर यांस शिक्षक केले, आणि नजमाबाईंस बजावले, "मॅडम, एकदाच विचारायचं. मग गप्प बसायचं. शांतता झाली तरी भरून काढायची नाही." मग नजमाबाईंनी विचारिले, "काय झालं?" आणि त्या गप्प बसल्या. खुपेरकर प्रथम उगाच हसले, मग घसा साफ केला, आणि मग बोलो लागले ते ऐसे: "मॅडम, मी इथं आले..." आले म्हणाले, आलो नव्हे, आणि कोणी हसले नाही. "मी इथं आले तेव्हा वाटलं होतं, मजा येईल. सगळ्या मुली आधीपासून एकमेकींना ओळखतात. मी हिंदी बोलले की त्या एकमेकींकडे बघतात. जेवायला एकटीच बसते. बाबांचा रोज फोन येतो. मी बरं चाललंय म्हणते. कारण मी रडले तर ते लगेच उपाय सांगतील. आणि मला उपाय नकोय, मला..." येथे ते खिडकीकडे पाहो लागले. नजमाबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकविला.

चहाचे वेळी कुमुदिनीबाई त्यांस बाजूस घेऊन म्हणाल्या, "सर, मुलगी किती लांब आहे?" खुपेरकर म्हणाले, "गाडीनं दीड दिवस." बाई म्हणाल्या, "तिला बोलू द्या. पण एक सांभाळा. ती बोलायला लागली की तुमचीही आठवण उसळून येईल. तिची आठवण तिची, तुमची तुमची. दोन्ही एकत्र कालवू नका. इथल्या मुलांच्या बाबतीतही हेच." खुपेरकरांनी मान डोलविली, परंतु चहा तैसाच निवला.

त्या सायंकाळी खुपेरकरांनी फोन लाविला, आणि जेवलीस का हे पुसले नाही. "शर्वू, आज दिवस कसा गेला?" इतके म्हणोन ते गप्प राहिले. तिकडून "बरा" ऐसे आले, आणि मग काही आले नाही. तिकडच्या पंख्याचा आवाज ऐको येई. वासंतीबाई भिजल्या कणकेचे हात तैसेच धरून उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "कट झाला का?" खुपेरकरांनी हातानेच नाही म्हटले. आणि मग तिकडे पोर रडो लागली. रडत रडत म्हणाली की पुठ्ठ्याचे घर केले होते ते सरांनी सर्वांदेखत उचलून यात राहणार कोण म्हणून विचारिले, आणि खोलीतील सोबतीण दुसऱ्या खोलीत गेली, आणि म्हणाली, "बाबा, मागच्या रविवारी मी स्टेशनवर गेले होते. कुठं जायचं नव्हतं. आपल्याकडची गाडी सुटते ना, ती बघितली आणि परत आले." खुपेरकर ऐकत राहिले. मग ती म्हणाली, "बाबा, येऊ का मी परत?"

थोरांच्या बखरींत मोठमोठी रणे लिहिली आहेत, परंतु त्या घटकेस खुपेरकरांच्या कंठी जे रण माजले ते लिहावयास लेखणी पुरत नाही. 'ये' हे एकच अक्षर, आणि ते ओठापर्यंत आले होते. वासंतीबाईंस फोनातील सर्व ऐको आले होते. त्या कणकेच्या हातांनी खुणा करीत होत्या, म्हणा, ये म्हणा. आणि खुपेरकर म्हणाले, "आलीस तर हे घर तुझंच आहे, त्याची काळजी करू नकोस. पण तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "माहीत नाही." "बरं. नसू दे माहीत. उद्या सांग, नाही तर नंतर सांग." "तुम्ही काहीच सांगणार नाही?" "नाही. ऐकतोय मी." तेव्हा ती नाक ओढीत थोडकी हसली आणि म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

फोन ठेविला आणि वासंतीबाई कोपल्या. "पोर रडून विचारते, येऊ का, आणि तुम्ही म्हणता तुला काय वाटतं! एक शब्द बोलला असतात तर परवा घरात असती." खुपेरकर म्हणाले, "म्हणूनच नाही बोललो. ती आपल्यासाठी आली असती." वासंतीबाई म्हणाल्या, "मग काय वाईट होतं त्यात?" खुपेरकर व्हरांड्यात गेले आणि सायकलीत हवा भरो लागले, चाक दगडासारखे कडक असताही भरीत राहिले, आणि वासंतीबाईंनी पोळ्या केल्या, आणि दोघांनी खाल्ल्या.

मग राज्यात वर्ग भरले आणि खुपेरकरांनी पहिला रुळण्याचा तास घेतला. खुर्च्या गोल मांडिल्या, प्रत्येकास नाव विचारून त्या नावाने हाक मारिली, आणि पुसले, "घरचं काय आठवतं?" कोणी बोलेना. ते थांबले. मग रखमा डवरी नामे एक मुलगी खाली पाहात म्हणाली, "सकाळी आई कामाला जाताना बाहेरून कडी लावती, त्यो आवाज. हितंबी कडी वाजती, पर तसली न्हाई." खुपेरकरांस त्यावर कोणताही उपाय ठाऊक नव्हता आणि त्यांनी तो शोधिलाही नाही. ते म्हणाले, "आमच्याही घरातला एक आवाज गेलाय. मुलगी शिकायला गेली, त्याला झाले थोडे दिवस." रखमाने विचारिले, "मग तुमाला करमतंय का, सर?" खुपेरकर म्हणाले, "नाही." मास्तरास करमत नाही हे त्या मुलांनी आजवर कधी ऐकिले नव्हते. ती एकमेकांकडे पाहो लागली, आणि मग एक बोलला, मग दुसरी बोलली, आणि घंटा जाहली तरी कोणी उठेना.

तिकडे शर्वाणीने येते ऐसे सांगितले नाही आणि राहते ऐसेही सांगितले नाही. ती दर दिवशी थोडे अधिक बोलत गेली. मग तिच्या बोलण्यात लिपिका नामे ओडिशाची एक मुलगी येऊ लागली, मग दोघींनी मिळून केलेले पुठ्ठ्याचे नवे घर आले, आणि मग एके सायंकाळी तिने फोन उचलिला नाही आणि 'कामात आहे, उद्या बोलू' ऐसा निरोप आला. खुपेरकर म्हणाले, "चांगलं आहे. रमली म्हणायची," आणि फोन हाती धरून बराच वेळ बसले.

दिवाळीस मुले आपापल्या गावी गेली, आणि सुटी सरता प्राचार्य स्वतः फाटकाशी उभे राहिले. बहुतेक आली. सर्व आली ऐसे लिहिणे खोटे होईल, परंतु रखमा डवरी आली, फराळाचा डबा घेऊन आली. शर्वाणीही दिवाळीस आली होती. गवार खाल्ली, आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपली, आणि सारा वेळ लिपिकाच्या गोष्टी सांगितल्या. परतावयाचे दिवशी उभयता तिला पोचवावयास स्टेशनवर गेली. गाडी हलली आणि ती दारातून वाकून ओरडली, "बाबा, आई, घरी पोचले की फोन करते!" आणि हात हलवीत गेली. 'घरी' हा शब्द तिच्या ध्यानीही आला नव्हता. वासंतीबाईंनी विचारिले, "काय म्हणाली?" खुपेरकर म्हणाले, "पोचले की फोन करते म्हणाली." वासंतीबाई म्हणाल्या, "मी ऐकलं काय म्हणाली ते," आणि त्यांचा हात आपल्या हाती घेतला, आणि फलाट रिता होईतो उभयता तेथेच उभी राहिली.

येणेप्रमाणे राज्यात तास चालला, मुले बहुतेक टिकली, कन्या रुळली. रुळविणारी दोघे मात्र अद्याप रुळावयाची आहेत. जे जाहले ते लिहिले. येथे लेखणी ठेविली.