वीतभर वर

"पाणी? बाई, पाण्याचं काय विचारता! आमच्याकडे नुसता धबधबा आहे, धबधबा!" व्हर्लिन फोनवर गरजला. "शुक्रवारी बायकोला बिनधास्त घरी सोडा!"

पलीकडे हॉस्पिटलची नर्स होती. नडीनचा खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि घरात वाहतं पाणी असेल तरच तिला घरी सोडणार होते. नसेल तर थेट गावाबाहेरच्या केअर होममध्ये. व्हर्लिनची आई तिथे "फक्त पंधरा दिवसांसाठी" गेली होती, ती बिचारी शवपेटीतूनच बाहेर आली. म्हणून नडीनने बजावलं होतं, "मला तिथे टाकलंस ना, तर याद राख! मला माझ्या घरी ने."

धबधब्याबद्दल व्हर्लिन खोटं बोलला नव्हता. फक्त तो धबधबा घराच्या खाली होता, आणि त्याच सकाळी ट्रुडीने तो बंद करून टाकला होता.

ट्रुडी ही ट्रेलर पार्कची, म्हणजे भाड्याच्या जागेवर जमिनीपासून उचलून ठेवलेल्या तयार घरांच्या वसाहतीची, मॅनेजर. घर व्हर्लिनचं, घराखालची जागा पार्कची, आणि पाण्याचा पाइप जमिनीतून निघून घराच्या पोटात शिरलेला. मग नियम असा, की जमिनीखालचा पाइप पार्कचा आणि जमिनीवरचा घरवाल्याचा. आता या मेल्या पाइपने चिरायचं कुठे? जमिनीपासून बरोब्बर वीतभर वर!

ट्रुडीने पोटावर आडवं होऊन बॅटरी मारली. "वर आहे. तुझा. दुरुस्त कर, मी पाणी सोडते."

"वर कसला! खालून जमीन हलली म्हणून चिरला!"

"चीर कुठेय, व्हर्लिन?"

"चीर वर आहे, पण कारण खाली आहे!"

"मी कारणं दुरुस्त करत नाही," ट्रुडी कपडे झटकत म्हणाली आणि गेली.

शेजारचा एल्वुड पक्कड घेऊनच आला. "अर्ध्या तासाचं काम. तेवढा तुकडा कापू, नवा घालू, दोन पट्ट्या आवळू. बियर पाज म्हणजे झालं."

"खुळा आहेस का? हात लावला की पाइप आपला झाला! पलीकडच्या गस्टचं काय झालं आठव! पार्कचा नळ नुसता आवळला त्याने, तर अख्खी लाइन गळ्यात पडली!"

हे मात्र खरं होतं. तेव्हापासून पार्कातली माणसं काहीही गळायला लागलं की आधी हात खिशात घालायची.

"अरे पण नडीन शुक्रवारी येतेय…"

"त्याच्या आत ट्रुडी स्वतः येऊन दुरुस्त करेल. तू बघच!"

आणि रविवारी, ट्रुडी चर्चमध्ये गात असताना, व्हर्लिनच्या डोक्यात ती भन्नाट कल्पना आली. पाइप खाली नेता येत नाही ना? मग जमीन वर आणू!

मोसम संपल्यामुळे दुकानात फुलझाडांची माती पडून होती. त्याने गाडीभर पिशव्या आणल्या. सत्तरीचा माणूस, गुडघे कुरकुरतायत, तरी सरपटत घराखाली शिरला आणि चिरेच्या वर हातभर ढीग रचला. जमीन जुनी दिसावी म्हणून एल्वुडच्या नळाच्या दोन बादल्या वर ओतल्या आणि थापून थापून गुळगुळीत केली. मग सगळ्यांना नीट दिसावं म्हणून घराखाली थंडी शिरू नये म्हणून भोवती लावलेली पत्र्याची झालरही काढून ठेवली. नोव्हेंबरातल्या मिशिगनमध्ये! काय म्हणावं या माणसाला!

सोमवारी त्याने शेजारीपाजारी गोळा केले आणि ट्रुडीला बोलावलं.

"बघ! चीर जमिनीखाली आहे की नाही?"

ट्रुडी वाकली. काळीभोर माती, त्यात पांढरे पांढरे दाणे, आणि कोपऱ्यात झेंडूचं चित्र असलेली रिकामी पिशवी. "जमीन वर आलेली दिसतेय."

"थंडीत फुगते!" व्हर्लिन ठासून म्हणाला.

ट्रुडी सरळ उभी राहिली, कपडे झटकले. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. खाली आहे. पार्कचा."

टाळ्या पडल्या! गस्टने तर शिट्टी मारली. व्हर्लिनची छाती अशी फुगली की जाकिटाचं बटण तुटतंय की काय वाटावं.

"मग? आज करतेस की उद्या?"

"एप्रिलमध्ये. जमिनीखालचं काम ठेकेदार मशीन लावून करतो, आणि जमीन गोठली की तो येत नाही."

सगळे आपापल्या घरी निघून गेले. व्हर्लिन तिच्या मागे मागे ऑफिसपर्यंत गेला. "ट्रुडी, ऐक ना. ती जमीन नाहीये गं. माती आहे. झेंडूची. मीच टाकली."

"मला दिसत नव्हतं का? मग काढ ती, मला चीर वर दाखव, दुरुस्त कर. लगेच पाणी सोडते." बाई तशी वाईट नव्हती.

पण तोवर थंडीची लाट आली होती. झालर नाही, त्यात वर दोन बादल्या पाणी. झेंडूच्या मातीचा पार दगड झाला होता! फावडं वाकलं. एल्वुडने किटलीभर उकळतं पाणी ओतलं, तेही गोठून बसलं. गुरुवार उजाडला तसा व्हर्लिन हातघाईवर आला. त्याने कुदळ उचलली.

"हळू!" एल्वुड ओरडला.

हळू कसलं! उद्या नडीन येणार होती. व्हर्लिनने सगळा जीव एकवटून घाव घातला. खण्! माती उडाली आणि कुदळ पाइप फोडून आत रुतली.

एल्वुडने बॅटरी मारली. "व्हर्लिन, आता मात्र खरंच जमिनीखाली फुटलाय."

ट्रुडी आली, वाकून बघितलं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "खाली आहे, हो. पण फोडलास तू. आता पाइपही तुझा आणि एप्रिलही तुझा."

त्याने स्वतःच नर्सला फोन केला.

शुक्रवारी केअर होमच्या खोलीत नडीन पाठीला उशी लावून बसली होती. व्हर्लिनने तिच्या सपाता पलंगाखाली नीट जोडून ठेवल्या, परत काढल्या, परत ठेवल्या.

"एल्वुड म्हणाला अर्ध्या तासाचं काम होतं," नडीन म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न होता गं."

"जिंकलास ना पण?"

"हो. म्हणजे… जिंकलो होतो."

नडीनचे डोळे भरून आले. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग नाक उडवलं. "अंगाला वास येतोय तुझ्या. आठवडाभर अंघोळ नाही ना? जा, इथे पाणी आहे. गरमसुद्धा आहे."

व्हर्लिन मुकाट्याने बाथरूममध्ये शिरला. पाणी धो धो सुरू झालं. बराच वेळ झाला तरी थांबेना, आणि त्या आवाजाआडून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं.

नर्सने दारातून डोकं आत घातलं. "आजी, आजोबांना अजून किती वेळ लागेल?"

"एप्रिलपर्यंत," नडीन म्हणाली.