जळक्या प्लगची चौकशी

घरात काहीतरी जळतंय हे सगळ्यांत आधी सासूबाईंच्या नाकाला कळलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. तो बंदच होता, म्हणून पुन्हा नीट बंद केला. वास काही हटेना. तेवढ्यात आतल्या खोलीतून सून ओरडली, "आई, माझा कॉम्प्युटर गेला!"

सून घरी बसून हॉटेलांच्या आणि दुकानांच्या अंतर्गत सजावटीची चित्रं कॉम्प्युटरवर करून द्यायची. भिंतही उभी नसताना सोफ्यावर पडलेलं ऊन दाखवायची. एका मोठ्या हॉटेलची चित्रं शुक्रवारी द्यायची होती, आणि ती दिली तर त्यांची पुढची सगळी कामं तिलाच मिळणार होती. तिने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं. पडद्यावरची चित्रं घडवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला वीज पुरवणाऱ्या प्लगचा एक कोपरा चघळलेल्या गोळीसारखा वितळला होता.

"कुणीही हात लावायचा नाही!" दारातून हुकूम आला.

ते अण्णा, म्हणजे सासरे. जन्मभर त्यांनी विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासली होती. 'आग लागत नसते, लावली जाते,' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दूध उतू गेलं तरी ते हेच म्हणत, आणि सासूबाईंकडे बघत म्हणत.

दुरुस्तीवाला आला. बॅटरी मारून त्याने आत पाहिलं.

"होतं असं. या कार्डांना वीज लागते ढीगभर आणि प्लग एवढासा. तो पूर्ण आत बसला नाही की सगळा भार एकदोन पिनांवर येतो. त्या तापतात आणि प्लास्टिक वितळतं."

"बसवण्याचा दोष नाहीच मुळी," मुलगा म्हणाला. त्याने सकाळपासून मोबाईलवर एवढंच वाचलं होतं. "प्लगची रचनाच चुकीची आहे. भार सगळ्या तारांत सारखा वाटला जात नाही."

"केबल प्लगच्या अगदी जवळ वाकवली तरी होतं म्हणे," सून म्हणाली.

"धूळ," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

अण्णा कानामागे हात धरून, डोळे बारीक करून ऐकत होते. "जितकी तोंडं तितकी कारणं. म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय."

"अहो अण्णा," मुलगा म्हणाला, "दोष तारेत आहे. माणसांत नाही."

"तार आपली आपण वाकत नाही, बाळा."

कार्ड थोडक्यात वाचलं होतं. दुरुस्तीवाल्याने नवी केबल काढली आणि प्लग दाबून बसवला. "टक् आवाज आला ना? म्हणजे बसला. आता याला अजिबात हात लावू नका."

तो जिना उतरतोय तोवर अण्णांनी दार लोटलं. "याच्या पिशवीत नेमकी तीच केबल तयार कशी होती?"

"दुरुस्तीवाल्याच्या पिशवीत केबल नसेल तर काय असणार, भाजी?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला त्याचा एवढा कळवळा का?"

त्या दिवसापासून घरात चौकशी बसली. जेवणाच्या टेबलाशी एकेकाला बोलावणं येऊ लागलं. मुलाला विचारण्यात आलं की, बायको बाजारात गेल्यावर तो त्या खोलीत काय करतो. "काही नाही, खिडकी उघडायला जातो," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. बायकोची पाठ वळली की तो त्याच कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायचा, आणि आपल्याच शर्यतींनी प्लग वितळला अशी त्याची मनोमन खात्री होती. सासूबाईंची गत वेगळी नव्हती. डब्यातले रंगीत दिवे डोळ्यांना खुपतात म्हणून दुपारी सून जरा आडवी झाली की त्या डब्यावर जाड चादर टाकायच्या. "मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही," असं त्यांनी सांगितलं, आणि त्या दिवशी अण्णांना न मागता दुसरा चहा मिळाला. अण्णांना त्या चहाचाही संशय आला.

सुनेला वेगळंच कोडं पडलं होतं. ती जेवून परत आली की कॉम्प्युटर बंद. आंघोळ करून आली की बंद. बाकी घरात दिवे चालू, पंखे चालू, फक्त हाच बंद. तिने वीज मंडळाला फोन करून तिथल्या माणसाशी भांडणही केलं. "बाई, फक्त तुमच्या टेबलाची वीज आम्ही कशी तोडणार?" असं तो म्हणाला, तेव्हा तिलाही कुणाचातरी संशय येऊ लागला. नवरा हल्ली न सांगता भांडी घासत होता. सासूबाई तिच्या कामाचं कौतुक करत होत्या. माणसं उगाच इतकी चांगली वागत नाहीत.

गुरुवारी दुपारी हॉटेलच्या दिवाणखान्याचं शेवटचं चित्र तयार होत असताना पुन्हा तोच वास आला. या वेळी सासूबाई स्वयंपाकघराकडे गेल्या नाहीत. प्लग वितळला होताच, शिवाय कार्डही काळं पडलं होतं.

"बघितलंत?" अण्णा जवळजवळ आनंदाने म्हणाले. "एकाच जागी दोनदा आग. हा घातपात आहे!"

दुरुस्तीवाला धावत आला. प्लग त्याच्या बोटांत अलगद निघून आला. त्याने तो उजेडात धरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा कितीदा काढला आणि घातला?"

"एकदाही नाही," सून म्हणाली.

"असं कसं? आतल्या पिना पार सैल झाल्यात. हे प्लग सारखे काढा-घालायचे नसतात हो. दर वेळी पकड कमी होते, आणि पकड गेली की हे असं होतं."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फक्त अण्णा छताकडे बघत होते. नोकरीत अनेक माणसांना त्यांनी असंच छताकडे बघताना पकडलं होतं.

"मी फक्त तपासत होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"सूनबाई जेवायला उठली की. आंघोळीला गेली की. चहाला बसली की. कुणी काही केलं असतं तर खूण दिसलीच असती. आणि आधी कॉम्प्युटर बंद करायचो हं, मगच प्लग काढायचो."

"अण्णा!" सून कळवळून म्हणाली. "मी वीज मंडळाशी भांडले हो!"

"परत घालताना टक् आवाज यायचा का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"काय?"

"टक्! आवाज!"

"जरा मोठ्याने बोला."

दुरुस्तीवाल्याने हातातला पेचकस खाली ठेवला.

"म्हणजे माझ्या शर्यतींनी नाही झालं!" मुलगा हर्षाने ओरडला.

"आणि माझ्या चादरीनेही नाही!" सासूबाईंनी हात जोडले.

"कसल्या शर्यती?" सून सावकाश वळली. "कुठली चादर?"

पुढची काही मिनिटं त्या खोलीत जे झालं ते सांगण्यासारखं नाही. दुरुस्तीवाला मात्र शहाणा. तेवढ्यात तो दुकानात जाऊन एक जुनं कार्ड घेऊन आला. त्याचा प्लग जुन्या धाटणीचा, आडदांड होता. कार्ड म्हाताऱ्या बैलासारखं चालत होतं, पण चालत होतं. शुक्रवारी संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी चित्रं पाहिली, दिवाणखान्यातल्या उन्हाचं विशेष कौतुक केलं आणि पुढचं काम सुनेलाच दिलं.

शनिवारी मुलाने डब्याला छोटं कुलूप बसवून घेतलं. किल्ली सासूबाईंनी मागून घेतली. अण्णांनी दिवसभर कुणाला काही विचारलं नाही, दुधाबद्दलही नाही. शेवटी संध्याकाळी राहवेना, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अहो, ती किल्ली कुठे ठेवलीत?"

"सांगणार नाही," सासूबाई मागे न वळता म्हणाल्या. "माझा तुमच्यावर संशय आहे."

अण्णांनी सगळा पुरावा मनातल्या मनात एकदा तपासून पाहिला.

"रास्त आहे," ते म्हणाले. "मीही घेतला असता."