भोंगाकाकांची कुजबुज

सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा ठराव भोंगाकाकांनी दोनदा नुसत्या आवाजावर पाडला होता. काका निवृत्त व्यायामशिक्षक. मैदानभर पोचणारा त्यांचा गळा सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात मावत नसे. "हवामान बदल वगैरे सगळं थोतांड," असं ते गरजले की लोक चहाकडे वळत. आजच्या सभेतही ठराव पडला, तर वर्षभर पुन्हा मांडता येणार नव्हता. म्हणून काकांच्या वरच्याच मजल्यावरच्या बिऱ्हाडातली सूनबाई त्यांच्या एकेका मुद्द्याचं उत्तर पाठ करून आली होती, बाळाला पाजता पाजता. त्याच्या वाट्याला कसले उन्हाळे येणार, या विचारानं तिला झोप नव्हती.

झोप तशी कुणालाच नव्हती. बाळाला दात येत होते आणि त्यानं आठवडाभर अख्खी इमारत जागवली होती. नवरा कामावर अडकल्यामुळे आज तेही सभेला आलं. नेमकी ती बोलायला उठली, तेव्हाच त्यानं तिच्या खांद्यावर मान टाकली.

"झोपलं," सेक्रेटरी नुसते ओठ हलवून म्हणाले.

खडखडणारा पंखा बंद झाला. घंटा वाजू नये म्हणून एकजण दारात जाऊन उभा राहिला. चहाचे कप बशांसकट आत परत गेले. सूनबाईची पाठ केलेली उत्तरं घशातच राहिली.

तिच्या मागच्या खुर्चीतून काका उठले. "माझा या पॅनेलला..."

"शूऽऽ," सगळे म्हणाले.

"अहो, हळू," काकूंनी त्यांचा सदरा ओढला. "उठलं तर आपल्याच डोक्यावर रडेल रात्रभर."

काका कुजबुजू लागले. पण 'थोतांड' हा शब्द काही केल्या कुजबुजता येईना. "छप्पर गळेल," ते कसंबसं म्हणाले.

"नाही गळणार, काका." तीही मागे न वळता कुजबुजली. "खरी अडचण सांगा ना."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "संध्याकाळी खुर्ची टाकून बसतो मी गच्चीवर. घरात हिच्या मालिका. पॅनेल आल्यावर मी जाऊ कुठं?"

पाठ केलेल्या उत्तरांत खुर्ची नव्हतीच. "उंच सांगाड्यावर बसवू की. खाली सावलीत तुमची खुर्ची."

"दोन मावतील?" काकूंनी विचारलं.

काकांनी हात वर केला. मग सगळ्यांनीच केला. सूनबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. खांद्यावरचं तेवढं राहिलं.

जिन्यात ती म्हणाली, "काका, हळू बोललात म्हणून बरं. नाहीतर उठलं असतं."

"उठलं असतं? अगं, मी 'छप्पर' म्हटल्यापासून टक्क बघतंय माझ्याकडे."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू?" काका अजून कुजबुजतच होते. "ओरडून खुर्ची मागतं का कुणी?"