तक्रारीची साडी

कुमुदमावशींना फोनवर तक्रार करायची असली की त्या आधी अंघोळ करतात, खळ घातलेली सुती साडी नेसतात, अंबाडा घालतात, मनगटाला घड्याळ बांधतात आणि मगच नंबर लावतात. "अहो मावशी, फोनवर कोण बघतंय तुम्हाला?" असं मी एकदा हसत विचारलं होतं.

"बघत नाहीत, पण ऐकतात ना!" त्या म्हणाल्या. "गाऊन घालून बसलेली बाई आवाजात कळते, पोट्टी."

इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, आमच्या घरापासून तीन घरं सोडून त्या मुलाकडे राहतात. वय सत्तरीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट. नागपूरच्या एका सरकारी ऑफिसात तीस वर्षं त्यांनी तक्रारीच्या खिडकीमागे काढली. तक्रारी सोडवायला नव्हे हं, परतवायला! हे त्या स्वतःच सांगतात, तेही मान ताठ करून. "अर्ज परत पाठवायचे बावीस प्रकार आहेत. मले सगळे येतात. इथल्या पोरींना जेमतेम चार."

आमच्या इकडे आधी घराघरांत आईवडील आले, मग त्यांना सांभाळायला बाया आल्या, आणि बायांच्या मागून एजन्सीची बिलं आली. न आलेल्या दिवसाचे पैसे, सुट्टीचा दुप्पट दर, आजोबा हॉस्पिटलात असताना त्यांना घरी घातलेली अंघोळ! आम्ही इंजिनिअर मंडळी काय करतो? तणतणत ईमेल लिहितो, ऑटो-रिप्लाय आला की मुकाट्याने पैसे भरतो. मावशींना हे अजिबात खपत नाही. "कागद बोलते, माणूस बोंबलते," असं म्हणून त्या पहिल्यांदा सगळे कागद मागतात.

होल्डवर ठेवलं की फोन स्पीकरवर टाकून त्या कापसाच्या वाती वळायला घेतात. त्यामुळे केस किती अवघड होती हे आमच्यात वातींवर मोजलं जातं. "पटेलांच्या सासूबाईंचं? काही नाही, साठ वातींत निपटलं."

गेल्या हिवाळ्यात माझ्यावर वेळ आली. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. मी ऑफिसात असताना नऊ ते तीन डेनिस नावाची बाई त्यांच्याजवळ असायची. बाबा तिच्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नसत, मलासुद्धा. तर एक दिवस एजन्सीचं पत्र आलं: ठरल्यापेक्षा जास्त तास सेवा घेतलीत, दोन महिन्यांची थकबाकी आहे, भरा, नाहीतर एक तारखेपासून बाई बंद. आकडा चांगलाच मोठा होता. पण आकड्यापेक्षा डेनिस जाईल याची धास्ती जास्त होती.

मी कागद घेऊन मावशींकडे धावले. त्यांनी चष्मा लावून एकेका ओळीवर बोट फिरवलं. "रोजच्या रोज चाळीस-पन्नास मिनिटं जास्त. शनिवार-रविवार नाही. तू घरी नसताना काय चालू असते?"

"मला काय माहीत?"

"तेच तर! चल, ज्याला माहीत आहे त्याला विचारू."

आणि त्या तडक येऊन बाबांच्या खुर्चीसमोर बसल्या. "काका, डेनिस किती वाजता जाते?"

बाबांना एक शब्द जुळवायला वेळ लागतो. मी असते तर मध्येच बोलले असते. मावशी हलल्यासुद्धा नाहीत.

"चहा... घेऊन," बाबा म्हणाले. "तशी... कशी जाऊ देऊ?"

झालं! तीनला काम संपलं की आमचे बाबा तिला चहाशिवाय उंबरा ओलांडू देत नव्हते. चहा तीच करायची, दोघांचा. मग बिस्किटं, मग बाबांच्या जुन्या फोटोंचा अल्बम. आणि ती घराबाहेर पडेपर्यंत तिच्या फोनमधलं एजन्सीचं ॲप तास मोजायचं काही थांबत नव्हतं. आमच्या पाहुणचाराचं बिल आम्हालाच लागत होतं!

"म्हणजे चूक डेनिसची!" मी उसळून म्हणाले. "तिने तीनलाच बंद करायला हवं होतं. तसंच लिहू."

मावशींनी चष्मा काढला. "तिचं नाव लिहशील तर याद राख," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर पहिल्यांदाच चिडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खळीची साडी नेसून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हजर. बाहेर बर्फ पडत होता, मी घरूनच काम करत होते, म्हणजे करत नव्हते. फोनच्या पलीकडे एजन्सीच्या मिसेस टर्नर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एकतर बाईने खोटे तास लावले, नाहीतर तुम्ही पैसे द्या.

"नो मॅडम," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तिसरी गोष्ट आहे. आम्ही तिला पाहुणी म्हणून थांबवलं. आता काइंडली तुमच्या कराराचं पान सात काढा." पान सातवर लिहिलं होतं, की जास्तीच्या वेळेला कुटुंबाची लेखी परवानगी लागते. "परवानगीचा कागद दाखवा. मी थांबते."

होल्ड. अठ्ठावीस वाती झाल्या. मिसेस टर्नर परत आल्या आणि म्हणाल्या, चार्ज रद्द.

मी जागच्या जागी उडी मारली. मावशींनी मला हातानेच खाली बसवलं. "आता दुसरं. डेनिसच्या फाइलीत याबद्दल एक अक्षर जाणार नाही, असं लिहून पाठवा." मिसेस टर्नर म्हणाल्या, तसं आम्ही देत नाही. मावशी म्हणाल्या, मग मी थांबते. तब्बल पाऊण तास थांबल्या! आवाज एकदाही चढला नाही. ईमेल आली, ती मी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. त्या क्षणी त्यांना वाकून नमस्कार करावा असं वाटलं.

पण फोन अजून ठेवला नव्हता.

"एक शेवटचं विचारू?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुमच्याकडे योलांडा नावाची कुणी काम करते का? पन्नाशीची असेल. डावखुरी."

नव्हती. "थँक यू, डिअर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"योलांडा कोण, मावशी?"

त्यांनी वळलेल्या वाती मोजून बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "आमच्या यांच्या शेवटच्या वर्षात त्यांना सांभाळायला होती. बिलात तास जास्त लागले. तिचं नाव घालून मी अशी तक्रार ठोकली का दहा दिवसांत पैसे परत! सगळ्यांनी वाहवा केली. तिला त्यांनी काढून टाकलं. रोज दुपारी तीनला यायची ती, अन् तिच्याशिवाय कोणाच्या हातचं खात नव्हते हे. नवीन बाईने चमचा पुढे केला का मान फिरवायचे. मी भरवला तरी. कुठली एजन्सी असो, मी विचारून ठेवते. कुठेतरी असेलच ना ती."

"आणि सापडली तर? काय म्हणणार तिला?"

"काही नाही ग," त्यांनी पदराने डोळे पुसले. "योलांडा, तू गेल्यावर ते रोज तीन वाजता दाराकडे बघत होते, एवढं कोणीतरी तिला सांगायला पाहिजे."